पोट उघडण्याआधी वहीत काय लिहिलं होतं? तालुक्याच्या दवाखान्यात निदान आणि शस्त्रक्रिया सुधारण्याची एक पद्धत

पावसाळ्याचे दिवस, पहाटेचे साडेचार. शेतातल्या आखाड्यावर झोपलेलं सोळा-सतरा वर्षांचं पोरगं बाप आणि चुलत्यानं मोटारसायकलवर मधे बसवून आणलं. "साहेब, दोन वाजल्यापासनं पोटात कळा मारायल्यात. दोनदा उलटी झाली." मी पोटाला हात लावला. बेंबीभोवती दुखत होतं, पोट मऊ होतं. अपेंडिक्सची सुरुवात अशीच होते, म्हणून मनाशी अपेंडिक्स ठरवून टाकलं, रक्त पाठवलं आणि भूलतज्ज्ञांना फोन लावायला बाहेर आलो. मागून सिस्टर म्हणाल्या, "सर, पोराच्या पापण्या उचलंनात. झोप म्हणावं तर नीट बोलायलाय."

परत आत गेलो. पापण्या खरंच अर्ध्यावर आल्या होत्या. रात्री खाली झोपला होतास का, हे मी तेव्हा कुठं विचारलं. मण्यार चावली होती. तिचा दंश बहुतेक वेळा दुखत नाही, सुजत नाही, खूण सापडेलच असं नाही. पोटदुखी आधी येते, पापण्या नंतर पडतात, मग श्वास. सर्पविषावरच्या लसीच्या १० व्हायल, श्वासनळीत नळी आणि हातानं अँबू (श्वास देणारी पिशवी) दाबत मोठ्या रुग्णालयापर्यंतचा प्रवास. पोरगं वाचलं. मी त्याला ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) घेतलं असतं, तर भूल उतरल्यावर श्वास परत का येत नाही याचं कारण औषधांत शोधत बसलो असतो.

दुसऱ्या दिवशी मी २०० पानी लांबट वही आणली. पुढे जे लिहितोय ते त्या वहीभोवतीच फिरतं. तालुक्याच्या गावी वीस-तीस खाटांचा दवाखाना चालवणाऱ्या, किंवा ग्रामीण रुग्णालयात नव्यानं रुजू झालेल्या सर्जन मित्रांसाठी हे आहे. सीटी स्कॅन घ्या, लॅप्रोस्कोपचा नवा सेट घ्या, असं यात काही सापडणार नाही.

वही कशी आखायची

एका पेशंटला एक आडवी ओळ, चार रकाने. पहिल्यात शस्त्रक्रियेआधीचं निदान आणि ते कशावरून केलं. दुसऱ्यात आत काय सापडलं. तिसऱ्यात पॅथॉलॉजीचा रिपोर्ट. चौथ्यात तिसाव्या दिवशी पेशंट कसा आहे.

नियम एकच आणि तो पाळायला जड आहे: पहिला रकाना ओटीत जाण्याआधी, पेननं भरायचा. पोट उघडल्यावर प्रत्येकाला वाटतं, मला आधीच वाटलं होतं. दोन महिने मी हा रकाना संध्याकाळी भरत होतो आणि माझं एकही निदान चुकत नव्हतं! सिस्टरच्या टेबलावर वही ठेवून "लिहिल्याशिवाय पेशंट आत घ्यायचा नाही" असं सांगितल्यावर खरा हिशेब दिसायला लागला.

"पोटदुखी, अपेंडिक्स?" एवढं लिहून भागत नाही. "अपेंडिक्स, दुखणं बेंबीपासून उजवीकडे सरकलं, खालच्या उजव्या बाजूला दाबून सोडलं की दुखतं, पांढऱ्या पेशी वाढलेल्या" असं लिहा. त्यापुढे "नसेल तर काय?" या प्रश्नाचं एक तरी उत्तर लिहा. त्या मुलाच्या वेळी मी स्वतःला हा प्रश्न विचारलाच नव्हता.

निदान: हात कुठे कुठे लावायचा

आपल्याकडे पोटदुखीचा पेशंट पोहोचतो तोवर त्यानं गावातल्या डॉक्टरचं इंजेक्शन, मेडिकलवरच्या गोळ्या आणि एखादी सलाईन घेतलेली असते. त्यामुळे दुखणं दबलेलं असतं, ताप उतरलेला असतो. म्हणून "कधीपासून?" याइतकाच "आतापर्यंत काय काय घेतलं?" हा प्रश्न महत्त्वाचा. पिशवीतल्या गोळ्यांची पाकिटं टेबलावर ओतायला लावा. दुखऱ्या गुडघ्यांसाठी महिनोन् महिने वेदनाशामक आणि स्टेरॉइड खाणारी आज्जी अचानक पोट धरून आली, तर जठराला भोक पडल्याची शंका आधी घ्या. स्टेरॉइडमुळे तिचं पोट लाकडासारखं कडक होईलच असं नाही.

पोटदुखीत पोटाबाहेरच्या काही जागा तपासल्याशिवाय तपासणी पुरी होत नाही.

पापण्या. वर सांगितलंच आहे. जून ते ऑक्टोबर, पहाटे आलेला, जमिनीवर झोपणारा पेशंट असेल तर हे आधी.

जांघ. म्हाताऱ्या बाई दोन दिवस "पित्त झालंय" म्हणून उलट्या करत असतात. नऊवारीचा काष्टा सोडायला संकोच वाटतो, डॉक्टरलाही वाटतो, आणि जांघेतला लिंबाएवढा अडकलेला हर्निया तसाच राहतो. स्त्री कर्मचाऱ्याला सोबत घ्या, पडदा ओढा आणि बघाच.

वृषण. बारा-पंधरा वर्षांचा मुलगा लाजून "पोट दुखायलंय" एवढंच सांगतो. पीळ बसलेला वृषण साधारण सहा तासांच्या आत सोडवला तर वाचण्याची शक्यता चांगली असते; पुढे ती झपाट्यानं घटते. सोनोग्राफीवाले सकाळी दहाला येणार असतील तर त्यांची वाट बघू नका.

गुदमार्ग. रक्त पडतंय म्हटलं की "मूळव्याध" लिहिलं जातं. कोंब जाळून घेतले, दोरा बांधून घेतला, मलम लावलं, वर्ष गेलं. आणि ग्लोव्ह घालून बोट आत घातल्यावर कॅन्सरची गाठ हाताला लागते. हे मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिलं आहे. बोट घालून तपासल्याशिवाय मूळव्याध हा शब्द केसपेपरवर लिहायचा नाही, असा नियमच करा.

यानंतर चार स्वस्त तपासण्या. शुगर आणि लघवीतले कीटोन, कारण मधुमेहाच्या कीटोॲसिडोसिसमध्ये (शुगर हाताबाहेर जाऊन रक्तात आम्ल साचतं तेव्हा) पोट अगदी शस्त्रक्रियेच्या पोटासारखं दुखतं. चाळिशीपुढच्या प्रत्येकाच्या वरच्या पोटाच्या दुखण्याला ईसीजी, कारण हृदयाच्या खालच्या बाजूचा झटका ॲसिडिटीचं सोंग घेऊन येतो. आणि पाळी येणाऱ्या वयातल्या प्रत्येक बाईची लघवीची गर्भचाचणी. "तिचं कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालंय" असं सासू ठामपणे सांगते. झालेलं असलं तरी करा. नसबंदीनंतर गर्भ राहिलाच, तर तो गर्भाशयाऐवजी बीजनलिकेत असण्याची भीती जास्त असते.

एक जुना गैरसमज: निदान झाल्याशिवाय वेदनाशामक देऊ नये, म्हणे चिन्हं झाकली जातात. नीट मात्रेत शिरेतून दिलेल्या वेदनाशामकानं निदानात चूक वाढत नाही, हे आता पुरेसं तपासलं गेलं आहे. कळ थोडी कमी झाली की पेशंट पोट सैल सोडतो आणि हाताला जास्त कळतं.

अपेंडिक्ससाठी १९८६ सालचा अल्व्हारॅडो स्कोअर अजून कामाचा आहे. १० पैकी गुण. खालच्या उजव्या बाजूला दाबल्यावर दुखणं आणि वाढलेल्या पांढऱ्या पेशी, यांना दोन-दोन. दुखणं सरकणं, भूक मरणं, मळमळ किंवा उलटी, दाब सोडताना दुखणं, ताप आणि न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) वाढणं, यांना एकेक. ४ किंवा कमी असतील तर अपेंडिक्स असण्याची शक्यता कमी. ७ आणि वर असतील तर तयारीला लागा. मधल्या ५-६ वाल्यांना दाखल करून दर चार-सहा तासांनी पुन्हा हात लावायचा, आणि तो त्याच डॉक्टरनं लावायचा. तरुण बायकांत हा स्कोअर फसतो, त्यांच्या बाबतीत सोनोग्राफीवर आणि गर्भचाचणीवर जास्त भर द्या.

सोनोग्राफीच्या चिठ्ठीवर नुसतं "यूएसजी ॲब्डोमेन" लिहू नका. आपल्याला काय शंका आहे ते दोन ओळींत लिहा, जमलं तर फोन करा. "अपेंडिक्स दिसले नाही" याचा अर्थ अपेंडिक्सला काही झालेलं नाही असा नव्हे. तसंच एक्स-रेचं. आतड्याला भोक पडलं असेल तर उभ्यानं काढलेल्या छातीच्या एक्स-रेत छाती-पोटामधल्या पडद्याखाली हवा दिसते, पण सगळ्यांत दिसत नाही. पेशंटला फिल्म काढण्याआधी पाच-दहा मिनिटं बसवून ठेवलं तर हवा वर जायला वेळ मिळतो. वॉर्डबॉय मामा घाईत आडवाच एक्स-रे काढून आणतात, तो परत पाठवा.

करायची की नाही, आणि इथे की पुढे

हा भाग आपल्या भागात नाजूक आहे, तरी बोललं पाहिजे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची गर्भाशयं कमी वयात काढली गेल्याचा विषय २०१९ मध्ये राज्यभर गाजला. सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ज्या बाईचा खाडा झाला की मजुरी कापली जाते, ती स्वतःच "काढूनच टाका साहेब, कटकट नको" म्हणत येते. तिचं म्हणणं खोटं नसतं. पण अंगावरून पांढरं जाणं हे गर्भाशय काढण्याचं कारण नाही. म्हणून पहिल्या रकान्यात आणखी एक ओळ: याआधी कोणता उपाय करून पाहिला, किती दिवस? ती ओळ कोरी राहत असेल तर तारीख देऊ नका. हेच पोटात न दुखणाऱ्या पित्ताशयाच्या खड्यांना आणि "क्रॉनिक अपेंडिक्स"लाही लावा. सरकारी योजनेच्या पॅकेजमध्ये बसावं म्हणून निदानाला पीळ देण्याचा मोह होतो, तोही या वहीत उघडा पडतो.

पुढे पाठवायचं असेल तर लवकर ठरवा. छत्रपती संभाजीनगरचं घाटी, अंबाजोगाईचं स्वाराती (स्वामी रामानंद तीर्थ), लातूर किंवा नांदेडचं वैद्यकीय महाविद्यालय, यांतलं आपल्याला रात्री कुठलं जवळ पडतं, हे कागदावर लिहून ओटीबाहेर चिकटवा. १०८ येईपर्यंतचा वेळ वाया घालवू नका: दोन मोठ्या शिरांत सुया, सलाईन, नाकातून नळी, लघवीची नळी, पहिला अँटिबायोटिक डोस. आणि चिठ्ठीवर "फॉर फर्दर मॅनेजमेंट" हे तीन शब्द लिहून मोकळं होण्याऐवजी काय सापडलं, काय दिलं, किती वाजता दिलं, लघवी किती झाली, ते लिहा. तिकडच्या रेसिडेंट डॉक्टरला एक फोन केला तर पेशंटचे दोन तास वाचतात.

ओटीच्या आदल्या रात्री

उपाशी ठेवण्याचा हिशेब नीट करा. हलकं खाणं आणि दूध सहा तास, तळलेलं-तुपकट जेवण आठ तास बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. दुधाचा चहा दुधातच मोजायचा, कोरा चहा पाण्यात. नाहीतर मे महिन्यात, दुपारी दोनच्या केससाठी म्हातारा रात्री आठपासून कोरडा ठेवला जातो आणि भुलेबरोबर त्याचा बीपी कोसळतो.

तोंड उघडायला लावा. स्वतःची तीन बोटं उभी आत जायला हवीत. आपल्याकडे गुटखा, मावा खाणाऱ्या पंचविशीतल्या पोरांची दोनसुद्धा जात नाहीत. राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण तोंडं वेगळंच सांगतात. हे भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशी कळलं पाहिजे, टेबलावर नव्हे.

केस वस्तऱ्यानं काढू नका. बारीक ओरखड्यांत जंतू वाढतात. गरज असेल तेवढेच, क्लिपरनं. शुगर १८०च्या आसपास किंवा खाली आणून मगच नियोजित शस्त्रक्रिया.

अँटिबायोटिक चीर देण्याआधीच्या ६० मिनिटांत गेलं पाहिजे. मोठ्या माणसाला सेफॅझोलिन २ ग्रॅम, शस्त्रक्रिया चार तासांपुढे गेली तर दुसरा डोस. वॉर्डातून "सकाळी सहाला दिलं सर" असं सांगून अकराला आणलेल्या पेशंटच्या रक्तात फारसं काही उरलेलं नसतं. डोस ओटीत, भूलतज्ज्ञांच्या हातानं द्यायचा, हा सगळ्यात सोपा मार्ग. आणि स्वच्छ शस्त्रक्रियेनंतर (जिथं आतडं उघडलेलं नाही, आधीचा संसर्ग नाही) पाच दिवस इंजेक्शनं चालू ठेवल्यानं जखमेचं काही भलं होत नाही; बिल तेवढं वाढतं.

पाणी आणि ऑटोक्लेव्ह

पुस्तकं लिहिणाऱ्यांना पाण्याचा प्रश्न पडत नसावा. २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी टँकरच्या पाण्यावर ओटी चालवली. त्या पाण्यानं दहा मिनिटं हात घासण्यापेक्षा अल्कोहोलचं सर्जिकल हँडरब चांगलं. दिवसाच्या सुरुवातीला साबणानं हात धुवून पूर्ण कोरडे करायचे, मग कोपरापर्यंत रब, आणि ते वाळेपर्यंत ग्लोव्ह घालायचे नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेला दोन्ही पद्धती मान्य आहेत.

बोअरचं पाणी ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेनं सामान निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) घालू नका. क्षार बसून हीटर आणि व्हॉल्व्ह दोन वर्षांत जातात, काटा १५ पौंड दाखवतो आणि आत तापमान तेवढं नसतं. डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड पाणी वापरा. १२१ अंशाला, १५ पौंड दाबावर, गुंडाळलेल्या सामानाला किमान अर्धा तास धरा, आणि तो तापमान गाठल्यापासून मोजा, बटण दाबल्यापासून नाही. कपड्यांचा ड्रम गच्च भरला की मधल्या गाऊनपर्यंत वाफ पोहोचतच नाही. भरलेल्या ड्रममध्ये हात सहज शिरला पाहिजे. ड्रमला लावलेल्या टेपवरच्या पट्ट्या काळ्या झाल्या याचा अर्थ ड्रम गरम झाला होता, एवढाच. म्हणून ड्रमच्या पोटात, कपड्यांच्या मधोमध इंडिकेटरची पट्टी ठेवा आणि आठवड्यातून एकदा जैविक चाचणी (जंतूंचे बीजाणू खरंच मरतात का ते पाहणारी) करा. ओला निघालेला ड्रम निर्जंतुक धरू नका, आया मावशी कितीही म्हणाल्या तरी.

टेबलाभोवती एक मिनिट

जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षा यादी २००८ मध्ये आली. १९ मुद्दे, तीन थांबे: भूल देण्याआधी, चीर देण्याआधी, पेशंट ओटीतून हलवण्याआधी. दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली. मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आणि गुंतागुंती ११ वरून ७ टक्क्यांवर आल्याचं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे कॅनडातल्या ओंटारियोत ती सक्तीची केल्यावर मात्र, २०१४च्या अभ्यासात, म्हणावा असा फरक दिसला नाही. मला यात नवल वाटत नाही. संध्याकाळी एकदम दहा फॉर्मवर टिकमार्क करणारी सिस्टर मीही पाहिली आहे.

यादी मोठ्यानं आणि मराठीत वाचा. आमच्याकडे ती मावशींनाही ऐकू जाते. "पेशंटचं नाव? कोणती बाजू? चीर कुठं? अँटिबायोटिक किती वाजता गेलं? रक्त ठेवलंय का? लाईट गेली तर जनरेटर कोण लावणार?" शेवटचा प्रश्न आमचा. बाजूची खूण पेशंट जागा असताना, त्याला विचारून करा. गॉज आणि मॉप तीनदा मोजायचे: सुरुवातीला, पोट मिटवण्याआधी, कातडी शिवण्याआधी. आकडा जुळला नाही तर सर्जन थांबतो, चिडत नाही.

काढलेला प्रत्येक तुकडा पॅथॉलॉजीला गेला पाहिजे. नातेवाइकांना ट्रेमध्ये अपेंडिक्स दाखवून बादलीत टाकायची रीत बंद करा. १० टक्के फॉर्मॅलिन, तुकड्याच्या दहापट, रुंद तोंडाच्या बरणीत. ग्लोव्हमध्ये गाठ मारून एसटीनं पाठवलेला तुकडा सडून पोहोचतो. टीबीची शंका असेल तर एक भाग साध्या सलाईनमध्ये वेगळा ठेवा, कारण फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात आणि कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची चाचणी) होत नाही. आपल्याकडे लहान-मोठं आतडं जुळतं तिथला टीबी वरून हुबेहूब कॅन्सरसारखा दिसतो. वहीचा तिसरा रकाना मला सगळ्यात जास्त शिकवून गेला तो इथेच.

वॉर्डातली पहिली तीन रात्री

शस्त्रक्रिया चांगली होऊन पेशंट वॉर्डात हातचे जातात, आणि बहुधा रात्री. नाडी, श्वास, लघवी या तीन गोष्टी आधी बोलतात. बीपी सगळ्यात शेवटी पडतं. ६० किलोच्या माणसाला तासाला किमान ३० मिली लघवी व्हायला हवी. आतडं जोडलेल्या पेशंटची नाडी तिसऱ्या ते सातव्या दिवसात विनाकारण ११०-१२० राहत असेल, तर "दुखतंय म्हणून असेल" असं समजू नका. शिवण सुटल्याचं ते पहिलं लक्षण असू शकतं. श्वास मिनिटाला २२च्या वर गेला की फोन यायलाच हवा, रात्रीचे तीन वाजले असले तरी. फोन केला म्हणून कुणाला एकदा जरी खेकसलात, तर पुढचा फोन येत नाही.

आमच्या सगळ्या चार्टांवर श्वास २० लिहिलेला असायचा. प्रत्येक पेशंटचा, प्रत्येक तासाला. बरीच वर्षं माझ्या ते लक्षातही आलं नाही. कारण कळलं ते पुढे सांगतो.

तिसावा दिवस

टाके काढले की पेशंट बरा, असं आपण धरतो. जखम चिघळण्याची व्याख्या मात्र तीस दिवसांची आहे, जाळी किंवा सळई बसवली असेल तर खोल संसर्गासाठी नव्वद. डिस्चार्जच्या वेळी दोन मोबाईल नंबर घ्या, एक पेशंटचा, एक शेजाऱ्याचा किंवा दुकानदाराचा. तिसाव्या दिवशी सिस्टरनं फोन करून चार प्रश्न विचारायचे: जखमेतून पाणी किंवा पू आला का, ताप आला का, दुसऱ्या डॉक्टरकडे जावं लागलं का, कामाला लागलात का?

दसऱ्याच्या सुमारास अर्धे नंबर कारखान्यांच्या पट्ट्यात गेलेले असतात. टोळी निघाली की हर्नियाचा पेशंट टाके घेऊनच गाडीत बसतो, कारण उचल घेतलेली असते आणि मुकादम थांबत नाही. म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तारीख देतानाच विचारा, कोयता घेऊन कधी निघणार? दीड-दोन महिने हातात नसतील तर नियोजित शस्त्रक्रिया गुढीपाडव्यानंतर. अडकलेला हर्निया असेल, थांबता येत नसेल, तर मराठीत लिहिलेली चिठ्ठी सोबत द्या: काय केलं, टाके कधी काढायचे, किती दिवस मोळी उचलायची नाही. आणि ती मुकादमालाही वाचून दाखवा.

महिन्याच्या पहिल्या शनिवारी

दुपारी तासभर. सर्जन, भूलतज्ज्ञ, सिस्टर, मामा, मावशी, चहा. वहीतल्या ज्या ओळींत पहिला आणि दुसरा रकाना जुळत नाही, आणि ज्यांच्या चौथ्यात काही वाईट लिहिलं आहे, तेवढ्याच वाचायच्या. पहिली चूक सर्जननं स्वतःची वाचायची. "कुणामुळे झालं?" हा प्रश्न निघाला की बैठक मोडते, "कुठे थांबता आलं असतं?" एवढंच विचारायचं. ठरलेली एक गोष्ट वहीच्या मागच्या पानावर तारखेसह लिहायची, पुढच्या महिन्यात ती झाली का ते पाहायचं. एकच. पाच ठरवल्या की एकही होत नाही.

त्या श्वासाच्या २० चा उलगडा अशाच एका शनिवारी झाला. मी जरा चढ्या आवाजात विचारलं, कुणीच मोजत नाही का? थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग रात्रपाळीची नवी सिस्टर म्हणाली, "सर, वॉर्डातलं घड्याळ दिवाळीपासून बंद आहे. मोबाईल ड्युटीत वापरायचा नाही असा तुमचाच बोर्ड लावलाय." मागच्या पानावर लिहिलं: सेकंद काट्याची दोन घड्याळं, एक पुरुष वॉर्ड, एक स्त्री वॉर्ड. मामांनी त्याच संध्याकाळी आणून लावली. सोमवारी चार्टवर १८, २४, १६, २६ असे आकडे दिसले, आणि २६ वाल्या आज्जींच्या खाटेकडे मी राउंड सोडून आधी गेलो.